रेघेखालचा ठिपका

आमच्या दुकानासमोरून कुणी रिकाम्या हातानं देवळाकडं निघालं की आत्यांना ते सहन होत नाही. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. तुळजापुरात महाद्वाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं ओटीचं दुकान आहे. खण, नारळ, हळद-कुंकू, परड्या, कवड्यांच्या माळा. आत्या पुढं पाटावर बसतात आणि सोलापूरच्या बसमधून उतरलेली माणसं वळणावर दिसली की तिथूनच हाक मारतात, "ओ दादा, आईकडं हात हलवत निघालाव व्हय? ओटी घ्या आदी!" त्या हाकेत धंदा किती आणि भक्ती किती, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला सांगता येणार नाही. पण कुणी तरीही तसाच पुढं गेला, तर आत्या खऱ्याखुऱ्या हळहळतात. "येडं हाय बिचारं," म्हणतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळतात.

म्हणजे क्रम ठरलेला. आधी ओटी, मग दर्शन. हे आमच्या गावात कुणी कुणाला शिकवत नाही. पोरं चालायला लागतात तेव्हापासून त्यांना ते माहीतच असतं. आणि नेमकी हीच गोष्ट मला चार शहाण्या माणसांसमोर तोंडघशी पाडणार होती.

मी संख्याशास्त्र शिकवते. आता हे मी छाती पुढं काढून म्हणते, पण तेव्हा "शिकवते" म्हणायलाही जीभ अडखळायची. तासिका तत्त्वावरची नोकरी, म्हणजे तास असेल तर तुम्ही बाई, नसेल तर तुम्ही कोण? दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करायचा, दर एप्रिलमध्ये "बघू पुढच्या वर्षी" ऐकून घरी यायचं. थोडे तास तुळजापुरात, थोडे धाराशिवला. सकाळच्या एसटीत खिडकी मिळाली तर वाचन, नाही मिळाली तर कंडक्टरशी भांडण. माझं डोकं तापट आहे, हे मी लपवत नाही. माहेरी सास्तूरला सगळे म्हणायचे, ही पोरगी सासरी आठ दिवस टिकणार नाही. टिकले. कारण सासूही तशीच निघाली.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुकानात गर्दी उसळते, पौर्णिमेला तर श्वास घ्यायला जागा नसते. त्यामुळं सुट्टी असली की मीही दुकानात बसायची. मला ते आवडायचं नाही, असं नाही. नारळाची शेंडी सोलताना डोकं रिकामं राहतं आणि रिकाम्या डोक्यात गणितं बरी सुटतात. पण दुकानात बसणं वेगळं आणि दुकानातच बसणं वेगळं.

त्या वर्षी नव्या दर्शनरांगेच्या बाजूला आम्हाला दुसरा एक गाळा मिळाला. नवरा एका दुकानात, आत्या एका दुकानात, असं दोन दिवस करून बघितलं. जेवायला उठायचं तरी शटर ओढावं लागायचं. मग एका संध्याकाळी आत्यांनी खणांच्या घड्या घालता घालता विषय काढला.

"पोरी, त्या एक्स-वायच्या मागं किती दिस पळनार हायस? न्हवरात्रापासनं गाळा तू बघ."

"आत्या, धाराशिवच्या कॉलेजात कायमची जागा निघालीय. मी अर्ज केलाय."

"मागल्या टायमाला बी केला हुता."

"मागच्या वेळेला मुलाखतीलाच बोलावलं नव्हतं. यावेळी डेमो घेणार आहेत. फळ्यासमोर उभं राहून शिकवून दाखवायचं. ते मला येतं."

"बरं. ही शेवटची. न्हाई झालं तर गाळा."

"न्हाई झालं तर गाळा," मी पण तशीच म्हणाले. रागानं म्हणाले. नवरा माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं बघितलं नाही. पण शब्द गेला तो गेला. मी शब्द फिरवणारी नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आत्यांना तर जास्तच.

रात्री मात्र मी मनाशी हिशेब मांडत बसले. गाळ्यात बसणं कमीपणाचं आहे असं मला कधीच वाटलं नाही. उलट आत्यांइतकी सरळ नजर मी कुठल्या स्टाफरूममध्ये पाहिलेली नाही. पण फळ्यावर एखादी गोष्ट उलगडताना मागच्या बाकावरचं एखादं तोंड एकदम उजळतं ना, त्याची मला चटक लागली होती. ते तोंड परत कधीच दिसणार नाही, या विचारानं रडू यायचं. खोटं कशाला सांगू.

आता ते एक्स-वायचं काय आहे ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढची फजिती कळायची नाही. घाबरू नका, सोपं आहे. मी आमच्या पोरांना जसं सांगते तसंच सांगते.

दिवसाला शून्य ते एक धरा. देऊळ उघडलं की शून्य, बंद झालं की एक. एक भाविक घ्या. त्यानं ओटी कधी घेतली ती वेळ एक्स, दर्शन कधी झालं ती वेळ वाय. दोन्ही वेळा मिळून कागदावर एक ठिपका. हजारो भाविकांचे ठिपके दिले की कुठं दाट, कुठं विरळ, असं एक चित्र तयार होतं. त्या दाटीला म्हणायचं जॉइंट, संयुक्त घनता. परातीत कुंकू पसरलंय असं समजा. कुंकू सगळं मिळून एक मापच असणार, ना कमी ना जास्त, कारण सगळ्या शक्यतांची बेरीज एकच असते.

आता कुणी विचारलं, "दर्शनाचं मरू दे, ओट्या कधी जास्त जातात ते सांग," तर काय करायचं? परातीतलं कुंकू हातानं सरळ लोटत खालच्या काठावर आणायचं. काठावर जिथं ढीग उंच, तिथं ओट्या जास्त. काठावरचा तो ढीग म्हणजे मार्जिनल. आणि कुणी विचारलं, "या बाईनं ओटी बरोबर मध्यान्हीला घेतली, आता हिचं दर्शन कधी होईल?" तर बाकीची परात विसरायची. मध्यान्हीच्या रेघेवरचं कुंकू तेवढं उचलायचं आणि तेच आपलं पूर्ण माप समजायचं. ती कंडिशनल, सशर्त घनता. फळ्यावर याचंच इंटिग्रेशन होतं आणि भागाकार होतो, पण आत गोष्ट एवढीच.

पहिल्यांदा मी हे खऱ्या परातीत, खऱ्या कुंकवात करून बघितलं होतं, दुकानात बसून. आत्यांनी जे काय झापलं! "देवीचं कुंकू हाय, खेळ मांडलास व्हय?" मग दोन मिनिटांनी वाकून बघत म्हणाल्या, "आन हे वरच्याच अंगाला का? खाली का न्हाई?"

"कारण ओटीच्या आधी दर्शन होत नाही. खालचा अर्धा कोपरा म्हणजे रिकाम्या हातानं गेलेले."

"मग बराबर हाय," आत्या म्हणाल्या. "तितं कुनीच न्हाई."

तितं कुनीच न्हाई. म्हणून कुंकू परातीच्या एका त्रिकोणातच. सगळं माप अर्ध्या जागेत, म्हणून दाटी दुप्पट, घनता दोन. हे उदाहरण मी वर्षानुवर्षं आमच्या पोरांना शिकवलं. पोरं सगळी तुळजापूरची, कुणी पुजाऱ्याचं, कुणी लॉजवाल्याचं, कुणी पेढेवाल्याचं. मी फळ्यावर लिहायची, एक्स शून्य ते एक, वाय शून्य ते एक, घनता दोन, आणि पोरं बरोब्बर एक्सपासून पुढंच वाय मोजायची. एकानंही कधी हात वर केला नाही. मला वाटायचं, काय हुशार वर्ग आहे माझा!

डेमोच्या दिवशी मी निळी सुती साडी नेसले आणि एसटीत खिडकी मिळाली. शुभशकुन म्हणायचं का? कॉलेजच्या व्हरांड्यात आम्ही पाच-सहा जण खुर्च्यांवर बसलो होतो. शेजारचा एक टाय घातलेला उमेदवार मला हळूच म्हणाला, "मॅडम, माणूस आधीच ठरलाय म्हणे. आपण नुसतं हजेरी लावायला."

"मग तुम्ही घरी का जात नाही?" मी म्हणाले. त्यानं पुन्हा माझ्याकडं तोंड केलं नाही.

पण खरं सांगते, त्याचं बोलणं डोक्यातून जाईना. माणूस ठरलेला असेल तर कुणाला दोष द्यायला बरं. ठरलेला नसेल आणि तरीही आपण पडलो तर?

आत चौघं होते. प्राचार्य, संस्थेचे अध्यक्ष, त्यांच्याच कॉलेजचे एक गणिताचे सर आणि बाहेरून आलेल्या विषयतज्ज्ञ बाई. बाई पुण्याकडच्या. बारीक, पांढरे आखूड केस, चष्मा साखळीला अडकवलेला. चेहऱ्यावर काहीच नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "संयुक्त घनतेवरून मार्जिनल आणि कंडिशनल काढून दाखवा. आम्ही दुसऱ्या वर्षाचा वर्ग आहोत असं समजा."

देवी पावली! मला उड्या माराव्याशा वाटल्या. माझंच उदाहरण, माझीच परात. मी खडू घेतला आणि सुरू झाले. देऊळ उघडलं, शून्य. बंद झालं, एक. ओटी एक्स, दर्शन वाय. अध्यक्षांची मान लगेच डोलायला लागली, ते इथलेच. गणिताच्या सरांनी हाताची घडी सोडली. फळ्यावर लिहिलं, घनता दोन, एक्स शून्य ते एक, वाय शून्य ते एक. आकृती काढली नाही. वेळ कमी होता आणि वर्गातही मी कधी काढायची नाही. कुंकू लोटलं. वायला एक्सपासून एकपर्यंत फिरवलं आणि ओटीची मार्जिनल काढली. दोन गुणिले, एक वजा एक्स. खाली दुहेरी रेघ मारली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "एक्सपासून का?"

"म्हणजे?"

"वर तुम्ही वाय शून्यापासून लिहिलाय. मग खाली एक्सपासून कुठून आला? तुम्ही वर लिहिलंय तसंच घेतलं तर उत्तर दोन येतं. सगळी मिळून बेरीज दोन. शक्यतांची बेरीज दोन असते का?"

माझी कानशिलं तापली. शक्यतांची बेरीज एक असते हे बारावीच्या पोराला कळतं. ते मला विचारता? डेमो चालू आहे, समोर माझं सगळं आयुष्य चौघांच्या टेबलावर ठेवलंय, आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडलं? आत्या बाहेर पडल्या. त्यांचाच आवाज, त्यांचाच हेल.

"अहो मॅडम, वाय एक्सच्या आधी येईलच कसा? रिकाम्या हातानं देवीसमोर जातं का कुणी?"

अध्यक्ष मोठ्यानं हसले. "बरोबर आहे की! कोण जातं?" प्राचार्यांनीही मान हलवली. गणिताचे सर म्हणाले, "ते तर उघडच आहे, मॅडम."

बाईंनी चष्मा काढला. साखळीवर सोडून दिला.

"मी गेले," त्या म्हणाल्या. "आज सकाळीच, इथं यायच्या आधी. खण नंतर घेतला, बाहेर आल्यावर. मला कुणी सांगितलंच नव्हतं."

अध्यक्षांचं हसू अर्ध्यातच राहिलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि मला त्या क्षणी एवढा राग आला होता की मी खडू टाकून निघूनही गेले असते. बाईंना म्हणणार होते, तुम्ही चुकीचं केलंत. शब्द ओठावर होता.

मग मी फळ्याकडं बघितलं. कुणास ठाऊक का, पण बाईंच्या नजरेनं बघितलं. पुण्याहून आलेली, पहाटे बसमधून उतरलेली, आत्यांची हाक न ऐकलेली बाई. आणि फळ्यावर खरंच त्रिकोण नव्हता. चौकोन होता. अख्खा चौकोन. मी लिहिलेलं माझ्याच अक्षरात सांगत होतं की कुणीही, कधीही, कसंही जाऊ शकतं. वाय एक्सच्या पुढंच असतो, हे मी कुठंच लिहिलं नव्हतं. ते माझ्या डोक्यात होतं, पोरांच्या डोक्यात होतं, अध्यक्षांच्या डोक्यात होतं, आणि म्हणून इतक्या वर्षांत कुणालाच ते फळ्यावर नाही हे दिसलं नव्हतं. माझा वर्ग हुशार नव्हता, नुसता तुळजापूरचा होता.

"मॅडम," मी म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. फळ्यावर चूक आहे."

राग कुठं गेला मला कळलं नाही. चूक सापडली की मला नेहमी असं होतं. आधी जाळ आणि मग एकदम गार. मी चौकोन काढला, कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी रेघ मारली आणि रेघेच्या खाली एक ठळक ठिपका दिला.

"हा ठिपका तुमचा. आधी दर्शन, मग खण. माझ्या उदाहरणात तुम्ही नव्हताच, कारण मी तुम्हाला बाहेर ठेवलं आणि ठेवलंय हे सांगितलं नाही."

आणि मग बोलता बोलता माझी मलाच एक गोष्ट कळली. ती मला आधी माहीत नव्हती, शपथेवर सांगते. मी म्हणाले, "भाविक कसेही येत असतील, कुंकू सगळ्या परातीत सारखं पसरलं असेल, तर घनता एक. मग मी अट घातली, आधी ओटी घेतलेलेच मोजायचे. अर्धी परात गेली. उरलेल्या अर्ध्याला पूर्ण माप समजायचं, म्हणून एक भागिले अर्धा, दोन. हा दोन तिथून येतो. म्हणजे मॅडम, इतकी वर्षं मी जिला जॉइंट म्हणून शिकवत होते, ती आधीच कंडिशनल होती. आधी ओटी घेतली, या अटीवरची."

बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "पुढं चला."

पुढं सगळं लोण्यातून सुरी फिरावी तसं गेलं. त्रिकोणात ओटीची मार्जिनल तीच आली, दर्शनाची दोन वाय आली, प्रत्येकीची बेरीज एक येते हे मीच न विचारता करून दाखवलं. ओटी मध्यान्हीला घेतली तर दर्शन उरलेल्या अर्ध्या दिवसात कधीही, सारख्याच शक्यतेनं. बाईंनी शेवटी विचारलं, "दोन्ही वेळा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का?"

"नाहीत. घनता दोन, नुसता आकडा, त्यात एक्स नाही, वाय नाही, म्हणून पोरं पटकन स्वतंत्र म्हणतात. पण ओटी उशिरा घेतली की दर्शनाला उरलेला दिवसच आखडतो. सूत्रात दिसत नाही, जागेत दिसतं. म्हणून आधी जागा काढायची. जी मी काढली नव्हती."

"या तुम्ही," बाई म्हणाल्या. बस. हसू नाही, काही नाही.

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून स्वतःला शिव्या देत होते. जिभेला हाड नाही माझ्या! तज्ज्ञ बाईंना तोंडावर "जातं का कुणी" म्हणून आले. इतक्या वर्षांची चूक सगळ्यांसमोर फळ्यावर मांडून आले. टायवाला निदान गप्प तरी राहिला असेल. तुळजापूर आलं तेव्हा मी मनातल्या मनात गाळ्यात नारळ रचत होते, परड्या कुठं टांगायच्या हेही ठरवलं होतं.

दुकानात आत्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुण्याच्या बाई रिकाम्या हातानं गेल्या इथं आल्यावर त्या जरा थांबल्या, पण नेहमीसारखं "येडं हाय" म्हणाल्या नाहीत. मला तेव्हा ते जाणवलं, पण लक्षात घ्यायला वेळ कुणाला होता?

"बरं," एवढंच म्हणाल्या. "गिऱ्हाईक बघ."

मला वाटलं, झालं. यांना आनंदच झालाय. हवी होती सून गाळ्यात, मिळाली. रात्री नवऱ्याला मी ते बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "तसं काही नाही."

"मग कसं आहे?"

"मला विचारू नको. तिनं सांगितलंय बोलू नको म्हणून," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला. मला वाटलं, गाळ्याचा रंगसुद्धा ठरवून ठेवलाय यांनी. मी भिंतीकडं तोंड करून कितीतरी वेळ जागी होते.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायची, आणि फोन असायचा नारळवाल्याचा. दोनदा तर मी त्या बिचाऱ्या नारळवाल्यावर ओरडले. गाळ्याला रंग दिला गेला. आत्या तिथं उभ्या राहून रंगाऱ्याला सांगत होत्या, "खिडकी असू द्या तितं. हिला उजेड लागतो वाचायला." मी ते ऐकलं आणि जास्तच चिडले. गाळ्यात बसून काय वाचू? नारळावरची लेबलं?

फोन आला तेव्हा मी खणांच्या ढिगात बसले होते. दुपारची वेळ, गर्दी ओसरलेली. प्राचार्यच बोलत होते. "मॅडम, अभिनंदन. कागदपत्रं घेऊन या. तज्ज्ञ मॅडमनी तुमचाच आग्रह धरला. म्हणाल्या, चूक दाखवल्यावर जी बाई फळ्याशी भांडत नाही ती वर्गाला हवी."

मी "हो सर, हो सर" एवढंच म्हणत राहिले. फोन ठेवला आणि खणांच्या ढिगावर तोंड ठेवून ढसाढसा रडले. सुटले! सुटले मी! दर जूनमधल्या अर्जातून सुटले, "बघू पुढच्या वर्षी"तून सुटले. नवरा धावत आला, त्याला वाटलं कुणी गेलं. त्याला सांगितलं तर तो पण रस्त्यातच नाचायला लागला, बावळट.

आत्या पाटावरून उठल्या. फळीवरच्या वरच्या घडीतला, कुणाला लवकर न दाखवायचा तो हिरवा इरकली खण काढला. नारळ हलवून, कानाशी धरून, पाणी बघून घेतला. हळद, कुंकू, तांदूळ, खारीक, सुपारी. सगळं ताटात मांडलं आणि चपला घालून चालायला लागल्या.

"अहो आत्या, आज काय आहे? ना मंगळवार, ना शुक्रवार."

नवरा म्हणाला, "जाऊ दे तिला. तुझ्या अर्जाचं कळल्यापासून तिनं ओटी भरलेली नाही."

"काय?"

"दर मंगळवारी जाते. तू सकाळच्या एसटीत असतेस, तुला कुठलं कळणार? पण तशीच जाते. हात हलवत."

आत्या? रस्त्यावरच्या परक्या माणसाला थांबवून ओटी घ्यायला लावणाऱ्या आत्या? मी तशीच, अनवाणी, त्यांच्यामागं पळत सुटले. महाद्वाराच्या पायऱ्यांवर त्यांना गाठलं. धाप लागली होती.

"आत्या, हे खरं आहे?"

"काय खरं?"

"रिकाम्या हातानं जात होता."

आत्या पायरीवर थांबल्या. ताट छातीशी धरलेलं. लोक दोन्ही बाजूंनी ये-जा करत होते.

"मग काय करू? म्या तिला म्हनलं, वर्सानुवर्सं तुझी आदी भरली, मग मागितलं. आता माझ्या सुनंचं आदी कर, मग भरीन. तोवर हात दावायला यीन नुसती."

"आणि गाळा? मग गाळ्याचं का म्हणत होता सारखं?"

"न्हाई झालं असतं तर घरात भिताडाकडं तोंड करून बसली असतीस. मला ठाव हाय तू कशी हायस. म्हनून गाळा. म्हनून खिडकी."

मी तिथं पायरीवरच रडायला लागले. इतकी वर्षं मी धरून चालले होते, परातीचा तो खालचा कोपरा मोकळा, तिथं कुणीच नाही. आणि माझ्याच घरातली बाई, माझ्यासाठी, दर मंगळवारी तिथं उभी होती.

"ए येडे," आत्या म्हणाल्या, "रडतीस काय रस्त्यात? हे ताट धर. माझे गुडघे दुखत्यात. आन आज तू भर."

मी ताट घेतलं आणि त्यांच्या मागोमाग खाली देवळाकडच्या पायऱ्या उतरले.